कर्ण्यातून पेटी कुठे गेली? पॅनिंग, स्टिरिओ विड्थ आणि फेज समजून घेऊ

श्रावणातल्या सप्ताहाच्या आधीची गोष्ट. आमच्या भजनी मंडळाची एक बारी, म्हणजे मंडळाच्या भजनाची एक पाळी, नीट रेकॉर्ड करून ठेवू असं ठरलं, म्हणून देवळाच्या सभामंडपात सात माईक लावले, बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाला दोन, झांजेला एक आणि मागच्या कोरसला दोन, सगळं लॅपटॉपवर घेतलं आणि मग रोज रात्री जेवणं आटपली की हेडफोन लावून मिक्स करत बसायचो. हेडफोनवर ते इतकं भारी वाजायला लागलं ना की मीच माझ्यावर खूश. पेटी डोक्याच्या बाहेर पसरलेली, बुवांचा आवाज दोन्ही बाजूंनी अंगावर येणारा, गजर चालू झाला की अख्खं देऊळ कानात.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मोबाईल देवळाच्या अॅम्प्लिफायरला जोडला. तो मोनो, म्हणजे मोबाईलच्या वायरीतला डावा आणि उजवा तिथे एकत्र होतो आणि तेच पुढे दोन कर्ण्यांना जातं, एक दीपमाळेकडे, एक रस्त्याकडे. वाजायला लागलं आणि पेटीच नाही! म्हणजे अगदी थोडी, विहिरीच्या तळातून आल्यासारखी, ती पण बुवांच्या माईकमध्ये शिरली होती तेवढीच. बुवांचा आवाज पाईपातून बोलल्यासारखा पोकळ. पायरीवर बसलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बुवान पेटी घराकच ठेवल्यान काय रे?"

बुवा आमच्याकडे स्वतःच पेटी वाजवतात, त्यामुळे घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता. पेटी मीच घालवली होती, आणि ती कशी घालवली हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले. कारण विड्थ, पॅन, फेज हे तीन शब्द प्लगिनवर, म्हणजे मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामवर, वेगवेगळे लिहिलेले असले तरी आत सगळा खेळ एकच आहे, डाव्या आणि उजव्या बाजूत फरक किती आणि कसला. फरक म्हणजेच रुंदी, आणि दोन बाजू एकत्र झाल्या की त्या फरकाचं काय होतं हे ज्याला कळलं त्याची पेटी राहते.

आधी कान बघू. पडवीत डोळे मिटून बसा, एसटीचा हॉर्न तिठ्याकडून आला की नदीकडून हे लगेच कळतं. मेंदू त्यासाठी दोन गोष्टी बघतो. एक, आवाज कुठल्या कानाला आधी पोचला. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, आपलं डोकं काही फार मोठं नाही, त्यामुळे आवाज अगदी एका बाजूने आला तरी दोन कानांत फरक पडतो तो जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंदाचा. एवढासा फरक मेंदू पकडतो, कमालच आहे. दुसरी गोष्ट, कुठल्या कानाला मोठा ऐकू आला. बारीक, चिरका आवाज असेल तर डोक्याचीच सावली पडते आणि पलीकडच्या कानाला तो कमी पोचतो, झांजेचं असंच होतं. पण शिमग्याच्या ढोलाचा घुमारा घ्या, १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरणारी, एक लाट साडेतीन मीटर लांब, तिला तुमच्या डोक्याची काय पर्वा, ती वळसा घालून जाते आणि दोन्ही कानांना सारखीच लागते. खालच्या आवाजाला वेळ आणि वरच्याला लहानमोठेपणा अशी ही वाटणी इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडली, आणि सांधा साधारण १५०० हर्ट्झच्या आसपास येतो.

आता पॅनचा नॉब, आवाज डावीकडे-उजवीकडे न्यायचा. बऱ्याच जणांना वाटतं की पॅन फिरवला की आवाज तिकडे "सरकतो". काही सरकत वगैरे नाही, साधा पॅन फक्त एका बाजूचा आवाज कमी करतो आणि दुसरीकडचा ठेवतो किंवा थोडा वाढवतो, वेळेला हातच लावत नाही. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज सारखाच आला की मेंदू म्हणतो हा मधून येतोय. मध्ये स्पीकर नाही, भिंत आहे, तरी बुवा तिथेच बसलेले दिसतात. भूतच म्हणा ना. म्हणून तर इंग्रजीत त्याला फॅंटम सेंटर म्हणतात.

यात एक बारीक गोम आहे, पॅन लॉ. समजा नॉब मध्ये असताना दोन्ही स्पीकरना पूर्ण आवाज दिला, तर दोघांचा मिळून तो जास्त वाजणार आणि नॉब कडेला नेला की कमी, म्हणजे बाजूला सरकताना आवाज बसल्यासारखा वाटेल. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर मध्यभागी दोन्ही बाजू ३ डीबीने (डेसिबल, आवाजाचा लहानमोठेपणा मोजायचं माप) खाली ठेवतात, खोलीत दोन स्पीकर ऐकताना ते बरोबर जमतं. कुठे ४.५ असतं, कुठे ६. पण गंमत पुढे आहे. तेच मिक्स वायरीत एकत्र केलं की मधल्या वस्तू कडेच्या वस्तूंपेक्षा ३ डीबीने वर येतात, कारण वायरीत दोन सारखे सिग्नल सरळ बेरीज होतात, खोलीतल्यासारखे नाही. म्हणजे तुम्ही झांज पूर्ण डावीकडे टाकून हेडफोनवर बुवांशी छान जुळवली असेल तर कर्ण्यावर ती आपोआप मागे जाणार. कोणी काही मोडलं नाही, फेज बिघडला नाही, तरीही बॅलन्स हलला. हे माहीत नसलं की माणूस उगाच झांजेचा इक्यू, म्हणजे जाड-बारीक आवाज कमीजास्त, करत बसतो.

डबलबारीचं, म्हणजे दोन मंडळांच्या समोरासमोरच्या भजनाच्या सामन्याचं, मिक्स करायला घेतलं की पहिली खाज अशीच येते की एक मंडळ पूर्ण डावीकडे आणि दुसरं पूर्ण उजवीकडे टाकू, बसलेलेच तसे असतात ना. पण बारी आळीपाळीने असते. म्हणजे अर्धा तास नुसता डावा स्पीकर बोलणार आणि उजवा गप्प, आणि अर्धे लोक तर एकच इअरफोन कानात घालून ऐकतात, बोटीवर, बाईकवर, आंब्याच्या पेट्या भरताना. त्यांच्या नशिबी अर्धी डबलबारी. मी तरी ज्याची बारी चालू आहे त्याचे बुवा मध्ये, पखवाज थोडा एका बाजूला, झांज त्याच्या समोरच्या बाजूला, कोरस दोन्हीकडे, असं ठेवतो आणि बारी बदलली की डावंउजवं उलटं करतो. तेवढ्यावर कानाला कळतं की आता समोरचं मंडळ उठलं.

हेडफोनबद्दल पण इथेच सांगून टाकतो कारण माझी निम्मी चूक तिथे होती. समोर स्पीकर असताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो, किंचित उशिरा आणि किंचित कमी. हेडफोनमध्ये डावा फक्त डाव्याला. त्यामुळे हेडफोनवर सगळं असतं त्यापेक्षा जास्त रुंद वाटतं, आणि मुख्य म्हणजे डावं-उजवं एकमेकांना भेटतच नाहीत. भेटत नाहीत म्हणजे भांडतही नाहीत. भांडण जे व्हायचं ते कर्ण्यावर झालं, गावासमोर.

बरं, आता फेज. हा शब्द ऐकला की लोकांना इलेक्ट्रिकचा फेज आठवतो, आणि खरं तर तो फार लांबचा नाही. माजघरातला झोपाळा घ्या. तुम्ही एका बाजूने ढकलताय, समोर तुमची बहीण ढकलतेय. झोपाळा तुमच्याकडून तिच्याकडे जातोय त्याच क्षणी तुम्ही ढकलला आणि परत येताना तिने ढकलला तर उंच जाईल. पण तो तुमच्याकडे येत असतानाच तुम्ही रेटला तर थांबेल. जोर तेवढाच, माणसं तीच, फक्त फेरीतल्या कुठल्या ठिकाणी हात लागला त्याचा फरक. आवाजाची लाट पण अशीच पुढे-मागे, पुढे-मागे. दोन सारख्या लाटा एकाच वेळी पुढे आल्या की दुप्पट, म्हणजे ६ डीबी जास्त. एक पुढे आणि एक मागे असेल तर शून्य. शून्य म्हणजे शून्य हां, कमी नाही.

आणि झोपाळा लहान-मोठा असला तर? देवळाबाहेरच्या वडाला बांधलेला लांब दोरीचा झोका सावकाश फिरतो, तुम्ही अर्धा सेकंद उशीर केलात तरी फार बिघडत नाही. पाळणा पटापट हलतो, तिथे अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे सगळं उलटं. आवाजातही तेच. दोन माईकमध्ये १ मिलिसेकंदाचा फरक पडला तर ५० हर्ट्झच्या आवाजाला ते कळतही नाही, फेरीतले जेमतेम १८ अंश. पण ५०० हर्ट्झला तोच १ मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धी फेरी, म्हणजे बेरीज शून्य. १००० ला पूर्ण फेरी, म्हणजे परत दुप्पट. १५०० ला परत शून्य, २५०० ला परत. आलेख काढला तर फणीच्या दातांसारखा दिसतो म्हणून त्याला कोम्ब फिल्टर म्हणतात (इंग्रजीत कोम्ब म्हणजे फणी), आणि तो जो पोकळ, पाईपातला आवाज येतो ना, तो हाच. १ मिलिसेकंद म्हणजे हवेत ३४ सेंटिमीटर, फूटभर आणि थोडं वर. माईक एवढासा इकडे तिकडे झाला तरी फणीचे दात सरकतात.

फेज आणि पोलॅरिटी यांची सगळेच गल्लत करतात, मी पण करतो. मिक्सरवर गोलात तिरकी रेघ असलेलं बटण असतं, त्याला सगळे फेजचं बटण म्हणतात, पण ते वेळेत काहीच बदलत नाही, फक्त लाट उलटी करतं, वरचं खाली आणि खालचं वर. उशीर ही वेगळी गोष्ट. उशिराने आलेला माईक बटण दाबून पूर्ण सुधारत नाही, नुसते फणीचे दात एक घर पुढे सरकतात.

पण ते बटण जिथे कामाचं आहे तिथे फार कामाचं आहे आणि ते आपल्या पखवाजावर जितकं दिसतं तितकं कुठेच नाही. पखवाज आडवा, दोन पुड्या, एकीकडे कणीक लावलेली धुमाची बाजू आणि दुसरीकडे शाईची. दोन्हीकडे एकेक माईक. आता कणकेच्या पुडीवर थाप पडली की ती पुडी आत जाते, म्हणजे तिच्या माईकपासून लांब. आतली हवा दाबली जाते आणि पलीकडची शाईची पुडी बाहेर ढकलली जाते, म्हणजे तिच्या माईककडे. एकाच थापेला एक माईक म्हणतोय मागे आणि दुसरा म्हणतोय पुढे. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की नेमका तो पोटातला धुम् गायब आणि वरची टिचकी तेवढी शिल्लक. मी त्या सात माईकांच्या रेकॉर्डिंगमध्ये पखवाजाला कितीतरी बास इक्यूने वाढवला, काही हलेना, नुसती घरघर वाढली. मग एकदा दोन्ही ट्रॅक मध्ये आणून, मोनो करून, शाईकडच्या माईकची पोलॅरिटी उलटी केली आणि पखवाज असा काय समोर येऊन बसला की इक्यू सगळा काढून टाकला. दोन्हीकडे ऐकून जिकडे धुम् भरीव वाटेल तिकडे ठेवायचं, यात मोजण्यासारखं काही नाही. आणि हे बारी सुरू व्हायच्या आधी करता येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

एकापेक्षा जास्त माणसांना जवळजवळ माईक लावायचे असतील तर एक जुना ठोकताळा आहे, तीनास एक. माईक वाजवणाऱ्यापासून एक वीत असेल तर शेजारचा माईक त्या माईकपासून निदान तीन विती लांब हवा. तसं केलं की शेजाऱ्याचा आवाज शिरला तरी इतका लहान असतो की फणी पडली तरी कानाला लागत नाही. सभामंडपात सगळे मांडीला मांडी लावून बसतात, तिथे हे पूर्ण पाळता येत नाही हे पण खरं.

आता माझे दोन गुन्हे. पेटीला एकच माईक होता, म्हणजे पेटी मोनो. ती रुंद करायला मी ट्रॅकची कॉपी केली, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, आणि उजवीची पोलॅरिटी उलटी. हेडफोनवर ती डोक्याच्या बाहेर गेली म्हणून मी टाळ्या वाजवल्या. अॅम्प्लिफायरमध्ये दोन्ही भेटल्या, वजा आणि अधिक, पेटी शून्य. बुवांच्या आवाजाची पण कॉपी केली होती आणि उजवीकडची १० मिलिसेकंद उशिरा ठेवली होती. हेल्मुट हास नावाच्या जर्मन माणसाने १९४९ साली ग्योटिंगनला पीएचडीसाठी यावरच काम केलं होतं, की थोड्या मिलिसेकंदांनी मागून आलेला दुसरा आवाज कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही, तो पहिल्यातच मिसळतो आणि दिशा पहिल्याची धरली जाते. म्हणून ही युक्ती हास इफेक्ट नावाने सगळीकडे शिकवतात आणि हेडफोनवर ती छान वाटते पण. मोनोत मात्र १० मिलिसेकंदाची फणी पडते, ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे खड्डे आणि मध्ये १००, २००, ३०० ला फुगवटे. बुवा आलाप घेत वर जातात तसा आवाज एका सुराला फुगतो, पुढच्या सुराला बसतो, त्यात बुवांचा काही दोष नाही. तरी लोक म्हणाले की यंदा बुवांचा गळा बसलाय.

मग रुंदी करायची कशी? इथे मिड-साइड समजून घ्यायला पाहिजे, आणि ते दिसतं तेवढं अवघड नाही, तिसरीतलं गणित आहे. समजा एका क्षणी डाव्या बाजूला ७ आहे आणि उजव्या बाजूला ३. दोघांची बेरीज करून अर्धी केली तर ५, हा मिड, म्हणजे दोघांत जे सारखं आहे ते. वजाबाकी करून अर्धी केली तर २, हा साइड, म्हणजे दोघांत जो फरक आहे तो. परत जोडायचं असेल तर ५ अधिक २ म्हणजे ७ डावा, ५ वजा २ म्हणजे ३ उजवा. झालं. काहीच हरवलं नाही.

विड्थचा नॉब फक्त साइड लहान-मोठा करतो. साइड दुप्पट केला, २ चा ४ झाला, तर डावा ९ आणि उजवा १. फरक वाढला, रुंद वाटायला लागलं. साइड शून्य केला तर दोन्हीकडे ५, म्हणजे मोनो. आता लोभ सुटला आणि साइड तिप्पट केला, ६ झाला, तर डावा ११ आणि उजवा वजा १. हा जो वजा आला ना तिथे उजवी बाजू उलटी फिरली, पोलॅरिटी पलटली, आणि त्याच जागी आवाज डोक्याबाहेर गेल्यासारखा, जरा मळमळल्यासारखा वाटायला लागतो. आणि तिन्ही वेळा डावा-उजवा मिळवून बघा, १०, १०, १०. मोनोत साइड नाहीसाच होतो, तुम्ही नॉब कितीही फिरवा. म्हणजे या नॉबने मोनो बिघडत नाही, पण तुम्ही रुंदीसाठी जी मेहनत केली ती सगळी मोनोत गळून पडते आणि जी वस्तू फक्त साइडमध्ये राहत होती ती वस्तूच जाते. माझी पेटी शंभर टक्के साइडमध्ये होती. मिडमध्ये तिचं काहीच नव्हतं.

व्हॉक्सेंगोचं एमएसईडी नावाचं फुकट प्लगिन आहे, त्यात मिड आणि साइड वेगवेगळे म्यूट करता येतात. नुसता साइड ऐकून बघा एकदा. बुवा, पखवाजाचा धुम् असं काही त्यात ठळक ऐकू यायला लागलं तर काहीतरी घोळ आहे. रिव्हर्ब म्हणजे वरून घातलेला घुमारा, कोरसच्या कडा, झांजेची थरथर, देवळाच्या भिंतींचा घुमारा, साइडमध्ये एवढंच छान वाटतं मला.

ही सगळी कल्पना काही प्लगिनवाल्यांची नाही. अॅलन ब्लुमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३१ च्या डिसेंबरात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीत असताना पेटंट मागितलं, त्यात बेरीज-वजाबाकीचा हा प्रकार आहे, दोन माईक एकाच जागी काटकोनात लावायची पद्धत आहे, एकाच खाचेत दोन चॅनेल कोरायची रीत पण आहे. सांगतात की बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना पडद्यावर माणूस एका टोकाला आणि आवाज भलत्याच जागी हे बघून त्याला हे सुचलं. १९४२ मध्ये विमानातल्या रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला, चाळिशी पण गाठली नव्हती. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या त्या १९५० च्या दशकाच्या शेवटी, त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी.

एलपीवरून आठवलं, बास मध्ये ठेवा असं सगळे म्हणतात त्याचं एक कारण तिथलं आहे. स्टिरिओ तबकडीत दोन्ही बाजूंना सारखं असेल तर सुई आडवी हलते आणि फरक असेल तर वर-खाली. बासमध्ये मोठा फरक असेल तर सुई उडी मारून खाचेतून बाहेर. आता तबकडी कोण ऐकतो, पण बास मध्ये ठेवायची सवय बरीच आहे, कारण एक तर खालच्या आवाजाची दिशा कानाला खोलीत फारशी कळत नाही आणि दुसरं, दोन्ही स्पीकरनी मिळून ढकलला तर जास्त जोर येतो. मी साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या खाली साइड काढूनच टाकतो.

रेडिओवाल्यांनी हीच वजाबाकी अजून हुशारीने वापरली. एफएम स्टिरिओमध्ये, म्हणजे अमेरिकेत १९६१ साली मंजूर झालेली पद्धत, बेरीज नेहमीच्या जागी जाते आणि वजाबाकी वर ३८ किलोहर्ट्झवर बसवलेली असते. जुना मोनो रेडिओ नुसती बेरीज वाजवतो, त्याला बाकीचं माहीतच नसतं. आंबोली घाट चढताना गाडीतल्या एफएमचा पसारा मध्येच आक्रसतो आणि आवाज मध्ये येऊन बसतो, ते काय असतं माहितीये का, सिग्नल कमजोर झाला की वजाबाकीत आधी खरखर येते म्हणून रेडिओ ती सोडून देतो आणि बेरजेवर काम भागवतो. आणि आकाशवाणीचं मिडियम वेव्ह लावलंत तर तिथे वजाबाकीचा प्रश्नच नाही, आधीपासून मोनो.

म्हणून मोनो ही काय जुन्या काळातली गोष्ट नाही. एक छोटा ब्लूटूथ स्पीकर, टेबलावर ठेवलेला मोबाईल, मंडपातले कर्णे, रिक्षा, हॉटेलातला छतातला स्पीकर, आपल्याकडचे बहुतेक लोक हेच ऐकतात. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसणारा माणूस आमच्या वाडीत एकच आहे आणि तो मीच.

मीटरबद्दल थोडक्यात. कोरिलेशन मीटर असतो, अधिक १ ते वजा १. अधिक १ म्हणजे दोन्ही बाजू अगदी सारख्या, शून्याच्या आसपास म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळं काहीतरी चाललंय, वजा १ म्हणजे माझी पेटी. झांज वाजली की काटा क्षणभर शून्याखाली गेला तर घाबरू नका, पण तिथेच मुक्काम ठोकून बसला तर बघा. मी मीटर बघतो पण विश्वास मोनो बटणावर ठेवतो, कारण मीटरला पेटी गेली की झांज गेली हे सांगता येत नाही, सगळ्याचा मिळून एकच काटा.

शेवटी मिक्स परत केलं. यावेळी उलटीकडून. सगळे पॅन मध्ये, मास्टरवर मोनो, हेडफोन काढून ठेवला आणि एक छोटा स्पीकर खिडकीत ठेवून त्यावर नुसते फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या, लावले, पखवाजाची पोलॅरिटी तिथेच सुटली. बुवांची कॉपी काढून टाकली. पेटीची पण. पेटी एकच, बुवांच्या जरा डावीकडे, वीस-पंचवीस टक्के, बुवांचा हात जिथे असतो तिथे.  मग मोनो काढलं आणि खरं सांगू, पहिल्यांदा निराशा झाली, रुंदी कमी वाटली. मग रुंदी आणली ती कोरसमधून. मंडळाच्या पोरांना एका संध्याकाळी परत बोलावलं आणि गजराचं पालुपद दोनदा म्हणवून घेतलं, हेडफोनवर मूळ रेकॉर्डिंग ऐकवत. एक वेळ डावीकडे, दुसरी उजवीकडे. दोन्ही वेळा माणसं तीच, पण श्वास वेगळा, सुरुवात थोडी मागेपुढे, सूर किंचित वेगळा, त्यामुळे दोन ट्रॅक कधीच एकमेकांची कॉपी नसतात आणि मोनोत आले तरी फणी एका जागी बसत नाही, नुसता आवाज ३ डीबीच्या आसपास वाढतो आणि गर्दी वाटते. प्लगिनने हे होत नाही असं नाही, पण चहा आणि भजी एवढ्या खर्चात इतकं चांगलं होत नाही.

मूळच्या कोरसच्या दोन माईकांचं मात्र काही करता आलं नाही. ते मी सहा-सात फूट लांब लावले होते, मधल्या माणसाचा आवाज दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी पोचलेला, मोनोत त्यांचा थोडा भाग पातळ होतोच. एक ट्रॅक बराच खाली ओढून ठेवला, तडजोड. पुढच्या वेळी तिथे दोन माईक तोंडाला तोंड लावून काटकोनात, म्हणजे एक्स-वाय पद्धतीने लावणार आहे. आवाज दोघांना एकाच वेळी पोचतो, फरक फक्त लहानमोठेपणाचा, त्यामुळे मोनोला काही धक्का नाही, रुंदी जरा कमी मिळते. १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशाचा कोन अशी एक ओआरटीएफ नावाची फ्रेंच रेडिओवाल्यांची मधली पद्धत पण आहे, ती जास्त मोकळी वाटते, मोनोत थोडी किंमत मोजायची तयारी असेल तर. देवळात आधीच घुमारा इतका आहे की मी एक्स-वायच घेणार. तसं केलं तर स्टँड एकच लागतो, दुसरा मंडळाचा आहे, तो नेऊन दिला पाहिजे, सप्ताहापासून माझ्याच पडवीत पडलाय.